तारा जुरला का?

बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगा आता पुण्याला जाणार, एसीत बसणार. पोरगा गेला गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात. तिथल्या एका ग्रामसभेला हिशोब लिहायला माणूस हवा होता. नेमणुकीच्या कागदावर ‘कनिष्ठ लेखापाल’ असं छापलं होतं. आईला मी ते दोनदा वाचून दाखवलं. गावात पाय ठेवला तर पहिल्याच म्हाताऱ्यानं हाक दिली, “या मुन्शी!” इकडे तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पत्ता जमा करायच्या जागी, पुडके मोजून घेणारा तो मुन्शी. तीन वर्षांची फी अशी एका शब्दात वसूल झाली.

ग्रामसभेला लेखापाल कशाला, असं मित्र अजून विचारतात. २००९ साली मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळाले. २०११ साली मेंढ्याच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक आलं. मग जिल्ह्यातली इतर गावंही बांबू आणि पत्ता स्वतःच विकू लागली. जंगलामागून पैसे आले, पैशांमागून पॅनकार्ड, आणि पॅनकार्डामागून मी.

पहिल्याच सभेत मी विद्वत्ता पाजळली. १९६१ च्या आयकर कायद्यात, विकणाऱ्यानं खरेदीदाराकडून कर गोळा करून भरायचा अशा मालाची एक यादी होती, तिच्यात पहिला नंबर दारूचा, दुसरा आपल्या तेंदूपत्त्याचा. एक म्हातारा कान देऊन ऐकत होता. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यानं शांतपणे विचारलं, “आन् आपल्या इकडं पयल्या नंबरचा कर कोन भरते?” सभा छताकडे पाहू लागली. मी विषय बदलला.

मे महिना आला आणि पुस्तकी विद्या संपली. पहाटे जंगलात पत्ता तोडायचा, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर मांडायचे. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. हे सगळं माझ्या वहीत उतरायचं आणि वहीतून पत्ता तोडणाऱ्या बाईच्या खात्यात जायचं. घोळ नावांनी केला. गावात मडावी उदंड. त्यातल्या तिघींचं पहिलं नावही एकच. पासबुकं तीन, घाम माझ्या एकट्याचा.

आमच्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. डोळा तो डोरा, काळा तो कारा. त्यामुळे रोज संध्याकाळी सरपंचापासून शेळ्या राखणाऱ्या पोरापर्यंत जो भेटेल तो विचारी, “बाबू, तारा जुरला का?” ताळा काही जुळत नव्हता. टॅली तर म्हणत होतं, सगळं बरोबर आहे. जमा तेवढीच नावे. फक्त २,१०० रुपये भलत्याच मडावीबाईच्या खात्यात गेले होते. आणि चुकीच्या नोंदीचा ताळा, आमचे सर सांगायचे तसा, अगदी सुरेख जुळतो.

सभा बसली. मी चूक कबूल केली. आवाज माझा नव्हता. ज्या बाईला जास्त मिळाले ती म्हणाली, “पैसे आले तं बकरी घेतली. वापस मांगाल असं कोनी सांगतलं का?” मुद्दा बिनतोड. मग गोंडीत तासभर चर्चा झाली. मला त्यातलं फक्त ‘बीकॉम’ तेवढं कळलं, आणि ते ज्या सुरात आलं तो सुरही कळला. शेवटी सर्वसहमतीनं ठरलं : बकरी जिथं आहे तिथं राहील, २,१०० रुपये पुढच्या सीझनच्या मजुरीतून वळते होतील, आणि थांबल्याबद्दल दुसरीला बकरीचं पहिलं पिल्लू.

“लिवा बाबू,” सरपंच म्हणाले.

मुद्दल लिहिलं. व्याजाच्या रकान्यात मी बराच वेळ पेन धरून बसलो. टॅली रक्कम मागतं, त्यात पिल्लू टाकता येत नाही. शेवटी हातानं कागदी खतावणी केली आणि लिहिलं, ‘व्याज येणे : नग १’. वर्षअखेरीला नागपूरहून ऑडिटर आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, “या व्याजावर टीडीएस?”

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेळ्या राखणारा पोरगा धावत दारात आला.

“बाबू, बकरीले दोन झाले!”

ऑडिटरनी पेनाचं टोपण लावलं.


“आता तारा जुरवा,” पोरगा म्हणाला.