बहात्तर सेकंदांची कामगिरी

रॅपिड फायर पिस्तूल हा ऑलिम्पिकमधला पुरुषांचा नेमबाजी प्रकार. 25 मीटरवर पाच लक्ष्यं ओळीनं उभी असतात आणि प्रत्येकावर एकेक गोळी झाडायची असते. पाच गोळ्यांच्या मालिकेला आधी 8 सेकंद मिळतात, मग 6, मग 4. प्रत्येक वेळेच्या दोन-दोन मालिका झाल्या की 30 गोळ्यांचा एक टप्पा होतो. असे टप्पे दोन. गोळ्या 60, गुण जास्तीत जास्त 600. सेकंदांची बेरीज करून पाहिली तर पात्रता फेरीतली प्रत्यक्ष नेमबाजी 72 सेकंदांत आटोपते. त्यासाठी माणूस दहा-दहा वर्षं सराव करतो आणि विमानात पिस्तूल न्यायचं म्हणून कागदपत्रांचं भेंडोळं जवळ बाळगतो.

बाकीचा वेळ जातो उभं राहण्यात. ‘लोड’ असा हुकूम झाला की मिनिटभरात पाच काडतुसांचं मॅगझिन चढवायचं. मग ‘अटेन्शन’. लाल दिवे लागतात आणि पिस्तुलाचा हात 45 अंशांत खाली रोखून सात सेकंद थांबावं लागतं. दुसऱ्या हाताला काहीच काम नसल्यामुळे तो बहुधा खिशात असतो. म्हणजे उजवीकडून पाहावं तर माणूस लढाईवर निघालेला, डावीकडून पाहावं तर पानटपरीवर उधारी मागायला आलेला. हिरवा दिवा लागण्याआधी हात उचलला तर पंच ताकीद देतात, पुन्हा उचलला तर गुण कापतात. सिग्नल सुटायच्या आधीच हॉर्न वाजवणाऱ्या देशात या प्रकारातले नेमबाज तयार होतात, हे भारतीय प्रशिक्षकांचं यश मानावं लागेल.

हिरवा दिवा लागला की मात्र भानगड सुरू होते. चार सेकंदांच्या मालिकेत हात वर आणून पहिली गोळी नीट मारण्यातच निम्म्याच्या आसपास वेळ संपतो. उरलेल्यात चार गोळ्या. शेजारच्या दोन लक्ष्यांच्या मध्यबिंदूंत 75 सेंटीमीटर अंतर, आणि दहा गुणांचं वर्तुळ 10 सेंटीमीटर व्यासाचं. हात इकडून तिकडे भिरकावून हे जमत नाही. मनगट, कोपर, खांदा जागच्या जागी कुलूपबंद ठेवून कमरेपासून धड वळवायचं असतं. गोळीच्या धक्क्यानं नळी वर उसळते. ती खाली येईपर्यंत पुढचं लक्ष्य समोर आलेलं असावं लागतं. पहिली गोळी आठात गेली म्हणून हळहळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात दुसरी सुटलेली असते. त्यामुळे पश्चात्ताप मालिका संपल्यावर, एकदम पाचांचा करायचा.

पूर्वी या प्रकारात धक्का कमी देणारं छोटं काडतूस चालायचं. 2005 पासून नियम बदलले, काडतूस दणकट झालं आणि चाप किमान 1000 ग्रॅम जोर लावल्याशिवाय सुटू नये असं ठरलं. पिस्तूल मध्येच अडलं तर ते खाली न ठेवता, नळी लक्ष्याकडेच ठेवून, मोकळा हात वर करायचा. खिशातल्या हाताला मिळणारं काम ते एवढंच. मग पंच येऊन चूक कोणाची ते ठरवतात. पिस्तुलाची असेल तर मालिका पुन्हा. माणसाची असेल तर न सुटलेल्या गोळ्यांना शून्य. ‘काडतुसं भरायचीच राहिली’ हे कारण ग्राह्य धरलं जात नाही.

2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये रशियाच्या अलेक्सेई क्लिमोवनं पात्रता फेरीत 592 गुणांचा विश्वविक्रम केला. अंतिम फेरीतले सहा जण मात्र शून्यापासून सुरुवात करणार होते. सगळ्या मालिका चार सेकंदांच्या, 9.7 किंवा त्याहून चांगला नेम लागला तर एक, नाहीतर भोपळा. क्लिमोव चौथा आला. भारतीय लष्करातले, हिमाचल प्रदेशचे विजय कुमार 40 पैकी 30 वेधून रौप्यपदक घेऊन गेले. सुवर्ण मिळालं क्यूबाच्या लेउरिस पुपोला, 34 वेधून. हाच पुपो 2021 मध्ये टोकियोत वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी रौप्यपदक घेताना दिसला. चाळिशी उलटल्यावर जिना चढतानाही कुरकुरणाऱ्यांनी हा परिच्छेद वगळला तरी चालेल.

या प्रकाराच्या इतिहासातला सगळ्यात नवलाचा माणूस हंगेरीचा कारोय ताकाच. 1938 मध्ये लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा, म्हणजे नेमाचाच हात निकामी झाला. त्यानं गुपचूप डाव्या हातानं सराव केला. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याला पाहून अर्जेंटिनाच्या विश्वविजेत्यानं तू इथं कसा, असं विचारलं. ताकाच म्हणाला, शिकायला आलोय. तो सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला तेव्हा तुझं शिकून झालंय, असं त्या विश्वविजेत्यानंच सांगितल्याची कथा आहे. 1952 मध्ये हेलसिंकीलाही सुवर्ण त्याचंच. डाव्या हाताचा मळ म्हणतात तो हा, फक्त त्यामागे दहा वर्षांची घासाघीस होती.

महिलांसाठी ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार नाही. त्यांच्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात निम्म्या गोळ्या सावकाश मारायच्या आणि निम्म्या झटपट. झटपट टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद खुलं, मग सात सेकंद हात खाली, पुन्हा तीन सेकंद, असं चालतं. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नेमबाज अंतिम फेरीत 34-34 अशा बरोबरीत राहिल्या. शूट-ऑफमध्येही बरोबरीच झाली. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राही पुढे गेली आणि एशियाडच्या नेमबाजीत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली.