उबंटूभाऊ

दर तालुक्याच्या गावाला एक उबंटूभाऊ असतो. सौंसरला आहे, पांढुर्ण्याला आहे, सीमेपलीकडे महाराष्ट्रात वरूड-काटोललाही असणारच. नाव-आडनाव काहीही असो, खुणा ठरलेल्या. बाप संत्र्याचा बागाईतदार, इंजिनिअरिंग नागपूरला, नोकरी पुण्यात हिंजवडीला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी आला, कंपनी म्हणाली घरूनच करा, आणि गडी इथलाच झाला. लॅपटॉपच्या पाठीवर लिनक्सच्या पेंग्विनचं स्टिकर आणि बॅगेत कॉफी दळायची हातचक्की.

चक्कीला कमी लेखू नका. संगणकात कोणती ऑपरेटिंग सिस्टिम असावी आणि कॉफी कशी करावी, या दोन विषयांवर उबंटूभाऊची मतं पक्की आहेत, आणि ती त्याच्या डोक्यात इतकी मिसळून गेली आहेत की एका विषयाचं विचारलं तर उत्तर दुसऱ्यातून येतं. शेजारच्या मास्तरांनी नुसतं विचारलं, ‘मुलीला लॅपटॉप घ्यायचाय, कोणता घेऊ?’ तर याचा उलट प्रश्न, ‘ती कॉफी कशी पिते?’ मास्तरांची मुलगी बोर्नव्हिटा पिते. तिथंच सल्लामसलत संपली.

मुळात हा मुलूख चहाचा. नागपूर रोडवर कुठंही उभे राहा, कट मिळेल. कॉफी आमच्या घरात शिरते ती एकादशीला, नाहीतर लग्नात. लग्नातली ती ‘एस्प्रेसो’ आठवा. मांडवाच्या कोपऱ्यात पितळी-स्टीलचं मशीन, त्याला वाफेची नळी, आणि ‘थांबा, प्रेशर बनू द्या’ म्हणणारा पोऱ्या. पाच मिनिटं फुसफुस, मग कागदी कपात वीतभर फेस, त्यावर चॉकलेट पावडरची चिमूट. फेसाखाली तीच साखरेत कालवलेली पुडीची कॉफी. उबंटूभाऊच्या मते विंडोज म्हणजे हेच. आवाज फार, फेस फार, रांग मोठी, आणि नेमकं आपला नंबर आला की ‘अपडेट सुरू आहे, कृपया बंद करू नका’. खरी एस्प्रेसो नऊ बारच्या दाबानं पंचवीस-तीस सेकंदांत उतरते, हे तो प्रत्येक लग्नात मशीनवाल्या पोऱ्याला सांगतो. पोऱ्या प्रत्येक लग्नात त्याला वरून पावडर जास्त टाकून देतो.

मॅकबद्दल तो कमी बोलतो, कारण कंपनीनं त्याला दिलेला लॅपटॉप मॅकच आहे. पेंग्विनचं स्टिकर त्याच्यावरच चिकटवलंय, सफरचंद झाकलं जाईल अशा बेतानं. कुणी टोकलंच तर म्हणतो, ‘मॅक म्हणजे मॉलमधली कॉफी. कप भारी, खुर्ची भारी, बिल भारी. साखर किती घालायची ते मात्र तेच ठरवतात.’

विंडोज एक्सपीबद्दल बोलताना तो हळवा होतो. एक्सपी म्हणजे आजीची जायफळाची कॉफी. दुधात उकळलेली, वेलदोडा घातलेली, कॉफीशास्त्राचा एकही नियम न पाळणारी, आणि तरी घरातला प्रत्येक जण वाटी पुढे करतो अशी. विंडोज एक्सपी २००१ साली आली आणि ८ एप्रिल २०१४ ला ती बनवणाऱ्या कंपनीनं तिच्यावरून हात काढून घेतला. आपल्याकडे एखाद्या धर्मकाट्यावर किंवा जुन्या फोटो स्टुडिओत डोकावून पाहा, हिरव्या टेकडीवर निळं आभाळ अजून दिसेल. आमची नागपूर-छिंदवाडा रेल्वेची छोटी लाइनही २०१५ मध्ये बंद झाली. रूळच उखडले, तेव्हा सौंसरच्या माणसाला मुकाट्यानं बस धरावी लागली. एक्सपीचे रूळ उखडायला कुणी आलं नाही, म्हणून ती गाडी चालू आहे.

आता त्याची स्वतःची कॉफी. हिला तो ‘पोअर-ओव्हर’ म्हणतो आणि उबंटू लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम तिची संगणकातली बहीण आहे असं मानतो. परवा त्याच्याकडे एक काका भाचीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. अजून चार घरं बाकी होती, म्हणून चपला दारातच ठेवून टेकले. उबंटूभाऊनं काटा काढला. सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमच्या दशांशापर्यंत दाखवणारा. त्यावर पंधरा ग्रॅम बी मोजलं. बी चक्कीत घालून दोन्ही गुडघ्यांत चक्की धरून दळलं. कागदाची घडी घालून शंकूत बसवली, ती आधी नुसत्या गरम पाण्यानं धुतली. काका घड्याळ पाहायला लागले. लांब चोचीच्या किटलीत थर्मामीटर घातलेलं होतं. पाणी त्र्याण्णव अंशांवर येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग एवढंसं पाणी ओतून तीस सेकंद थांबला. ‘काका, आता ती फुलतेय.’

‘काऊन बे, काय फुलून राह्यलं?’

‘कॉफी. आतला गॅस निघतो.’

‘मले वाटलं सिलिंडर लीक हाय.’

अडीचशे मिलिलिटर पाणी गोल गोल फिरवत ओतून झाल्यावर काचेच्या भांड्यात तांबूस काळं पाणी जमलं. काकांनी एक घोट घेतला आणि साखर मागितली. साखरेनं चव मरते, असं उत्तर आलं. दूध मागितलं. उबंटूभाऊ नुसता पाहत राहिला. काकांनी मग स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, ‘वहिनी, आज उपास हाय काय तुमच्याकडे?’ आतून आई म्हणाली, ‘थांबा भाऊजी, चहा टाकलाच हाय. तो सुरू झाला का मी इकडे टाकूनच ठेवतो.’

बी मात्र तो चांगलं आणतो, हे कबूल करायला हवं. मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफी पिकते, हे या भागात पुष्कळांना याच्यामुळे कळलं. कॉफीवाल्यांसारख्या लिनक्सवाल्यांमध्येही पायऱ्या असतात म्हणे. डेबियन म्हणजे मद्रासी फिल्टर: रात्री पावडर दाबून ठेवा, सकाळी डिकॉक्शन मिळेल, घाई करू नका. आणि जेंटू नावाच्या प्रकारात सगळं स्वतःच्या मशीनवर मूळ कोडापासून तासन्‌तास घडवायचं. म्हणजे कॉफी प्यायची तर आधी रोप लावा. हे ऐकल्यापासून वडील सावध आहेत. संत्र्याच्या दोन ओळींमधली जागा त्यांनी घाईघाईनं तुरीला दिली.

लिनक्सशी त्याचा संबंध जुना. इंजिनिअरिंगला असताना उबंटूची कंपनी मागेल त्याला पोस्टानं फुकट सीडी पाठवायची. २०११ मध्ये ती योजना बंद झाली. त्याची सीडी अजून कपाटात खसरा-खतौनीच्या फायलीशेजारी आहे. फुकट या शब्दानंच मात्र इथं गाडं अडतं. ज्याला पैसे पडत नाहीत त्यात काहीतरी खोट असणार, हा बाजाराचा सिद्धांत. आणि गंमत अशी की चोरीच्या विंडोजचे तीनशे रुपये देणारा माणूस वर म्हणतो, ‘ओरिजनल टाकून दे भाऊ.’

त्याची खरी परीक्षा झाली ती चौकातल्या एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर. तिथला संगणक पेन ड्राइव्हच्या कृपेनं व्हायरसांची धर्मशाळा झालेला. उबंटूभाऊनं एका रविवारी बसून त्याच्यावर उबंटू चढवलं. मशीन एकदम पळायला लागलं. कियोस्कवाल्यानं खुशीत समोसे मागवले. सोमवारी सकाळी गिऱ्हाईक आलं तेव्हा अंगठ्याचं मशीन मुकं झालं होतं. प्रिंटरचा लाल दिवा लागला होता. आणि एका सरपंचांचा अर्ज, जो शुक्रवारपर्यंत स्वच्छ हिंदीत होता, तो इंग्रजी अक्षरांचा भुगा होऊन पडद्यावर पसरला होता. कृतिदेव फॉन्टची ही करणी. ‘मेरा नाम’ असं दिसतं, पण पोटात साठवलेलं असतं ‘ई एस जे के, यू के ई’. फॉन्ट नसला की ते पोट उघडं पडतं. सरपंच बराच वेळ वाचत राहिले, मग म्हणाले, ‘हे इंग्रजीत काऊन केलं? कलेक्टरले पाठवाचं हाय काय?’

‘युनिकोड वापरा,’ उबंटूभाऊ म्हणाला.

‘मी वापरतो,’ कियोस्कवाला म्हणाला, ‘तू तेवढं हापिसातल्या बाबूले सांगून ये.’

तोडगा दोघांच्या स्वभावाला शोभेल असाच निघाला. एकाच संगणकात दोन्ही. सुरू केला की दहा सेकंद यादी दिसते. काही केलं नाही तर उबंटू, खाली बाण दाबला तर विंडोज. कियोस्कवाला रोज सकाळी शटर वर करतो, बटण दाबतो, अगरबत्ती लावायला वळतो, आणि तेवढ्यात दहा सेकंद संपतात. मग बंद करून पुन्हा. विंडोज दिसेपर्यंत देवाला रोज दोन अगरबत्त्या मिळतात.

संध्याकाळी उबंटूभाऊ टपरीवर येतो. चहाच पितो, पण बोलतो कॉफीचं. केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेची गोष्ट त्यानं तिथंच सांगितली. कॉफीचं भांडं एका खोलीत, माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर, आणि जिने चढून जावं तर भांडं रिकामं. म्हणून १९९१ मध्ये त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि आपापल्या पडद्यावर कॉफी आहे की संपली ते पाहायला लागले. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर गेलं आणि जगभरचे लोक एक भांडं बघत बसले. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला. टपरीवाल्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘एवढे शिकलेले लोक, आन् एका पोट्ट्याले नाई पाठवता आलं वरतं? आवाज द्याचा ना राजेहो.’

दुसरी गोष्ट टपरीवाल्याला फार आवडली. १ एप्रिल १९९८ ला इंटरनेटवाल्यांनी गमतीनं कॉफीचं भांडं दुरून चालवण्याची नियमावली काढली. तिच्यात तरतूद अशी की चहाच्या किटलीला कुणी कॉफी मागितली, तर किटलीनं ४१८ हा आकडा परत पाठवायचा: मी चहाची किटली आहे. तेव्हापासून टपरीवर कुणी कॉफी मागितली की मालक मान वर न करता म्हणतो, ‘चारशे अठरा.’ हल्ली उधारी मागणाऱ्यालाही हेच उत्तर मिळतं.

त्याच टपरीवर त्याचा सर्वांत मोठा विजय झाला आणि सर्वांत मोठा पराभवही, दोन्ही एका मिनिटात. लिनक्स कोण वापरतं, असं कुणीतरी हिणवलं. उबंटूभाऊ उठून उभा राहिला. म्हणाला, ‘खिशातले मोबाइल काढा.’ निघाले. सगळे अँड्रॉइड. ‘याच्या पोटात लिनक्सच आहे. अँड्रॉइड म्हणजे दोन रुपयांची कॉफीची पुडी. तुम्हाला ठाऊक नाही, पण तुम्ही रोज कॉफीच पिताय!’ क्षणभर सगळे गप्प. मग टपरीवाला म्हणाला, ‘मंग आमी पयलेपासूनच लिनक्सवाले. तू कायले शिकवून राह्यला?’

जिल्ह्याबद्दलही त्याचं मत आहेच. विंडोज ११ बाजारात आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला, आणि पांढुर्णा-सौंसर मिळून छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला ५ ऑक्टोबर २०२३ ला. तो याला योगायोग मानत नाही. जुन्याच मशीनवर नवी सिस्टिम चढवली की पहिली काही वर्षं काय काय होतं ते तो बोटांवर मोजून सांगतो. सौंसरवाल्यांचं म्हणणं एवढंच, की चढवली तर चढवली, नावात आमचंही नाव घालायला काय हरकत होती.

एवढं सगळं असूनही उबंटूभाऊला हसण्यावारी न्यायचे दिवस गेले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सेवा थांबली. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, साधारण २०१८ च्या आधीचा प्रोसेसर तर ते दारातच अडवतं. म्हणजे कोचिंग क्लासमधले, शाळेतले, दुकानांतले धडधाकट चालणारे संगणक एका तारखेनं म्हातारे ठरले. ते आता एकेक करून उबंटूभाऊच्या ओसरीवर जमताहेत, संत्र्याच्या क्रेटवर रचलेले. तो पैसे घेत नाही. नवा संगणक घ्यायचा खर्च वाचलेले लोक नंतर त्याच्या आईकडे गुपचूप तुपाचा डबा ठेवून जातात.

तेव्हा तुमच्या घरी असा एखादा म्हातारा संगणक धूळ खात असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी याला बोलवा. काम चोख करतो. फक्त प्रिंटर चालतो का ते तो निघायच्या आधी बघून घ्या, संध्याकाळ मोकळी ठेवा, आणि दूध-साखर आपली आपण हाताशी असू द्या.