फिल्टरनाना

वसईच्या एव्हरशाईन सिटीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच रविवारी दोन गोष्टी कळतात: पाण्याचा टँकर किती वाजता येतो आणि जीपवाले नाना कुठे सापडतात. सोसायटी कुठलीही असो, स्टिल्ट पार्किंगच्या कोपऱ्यात एक जुनी महिंद्रा असतेच आणि तिच्या उघड्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत घुसलेली एक बर्म्युडा असते. त्या बर्म्युडाचे मालक म्हणजे नाना.

गाडी एमएम ५४०. इंजिन प्युजोच्या घराण्यातलं, २११२ सीसीचं, डिझेलवर चालणारं. नंबर प्लेट एमएच ०४, म्हणजे वसईकरांना गाडी नोंदवायला ठाणं गाठावं लागायचं तेव्हाची. वसईचं स्वतःचं एमएच ४८ नंतर आलं. पालघर जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४ला झाला. ‘जिल्ह्यापेक्षा माझी गाडी जुनी आहे,’ हे नाना दर झेंडावंदनाला सांगतात. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक दांडा आहे. तो टाकला की चारही चाकांना जोर लागतो. नाना तो पाहुण्यांना दाखवतात, लहान मुलांना हात लावू देतात. टाकत मात्र नाहीत. रेंज नाक्यावरून कोथिंबीर आणायला दोन चाकांचा जोर पुरतो.

बाकी लोक गाडी चालवतात, नाना गाडीचा डिझेल फिल्टर बदलतात. कंपनी सांगते इतके किलोमीटर झाले की बदला. पण तेवढे किलोमीटर व्हायला नानांच्या जीपला निवडणुकीची एक मुदत लागेल. म्हणून नाना पंचांगाने चालतात: पावसाआधी एकदा, पावसानंतर एकदा, दिवाळीच्या साफसफाईत एकदा आणि काकू माहेरी गेल्या की एकदा.

त्यांचं शास्त्र मात्र पक्कं आहे. ‘अरे, पंपाच्या आतल्या फटी केसाहूनही बारीक. त्याला वंगण कसलं? डिझेलचंच. त्यात कचरा गेला, पाणी गेलं, की पंप संपला! फिल्टर शेकड्यात येतो, पंप हजारांत जातो.’ यात एक अक्षर खोटं नाही. अडचण एवढीच, की हे ऐकणारा माणूस लिफ्टमध्ये असतो आणि नानांचं बोट दार उघडं ठेवायच्या बटणावर असतं.

खरा सोहळा रविवारी. आधी खाली ट्रे. मग जुना फिल्टर काढायचा. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने डिझेल लावायचं, फिल्टर हातानेच आवळायचा. पाना लावणाऱ्याला नाना माणसात मोजत नाहीत. मग एअर काढणं. वरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत बसायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग निव्वळ डिझेल. ते दिसलं की स्क्रू आवळायचा आणि गॅलरीकडे बघून ओरडायचं, ‘सेल्फ मार!’ तिसऱ्या मजल्यावरून मुलगा चहाचा कप ठेवून खाली येईपर्यंत नाना पुन्हा दोनदा एअर काढतात. सेल्फ कुंथतो, इंजिन खोकतं, धूर सोडतं आणि एकदाचं धडधडायला लागतं. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या धडाधड बंद होतात. नाना त्यालाच टाळ्या समजतात.

जुन्या फिल्टरमधलं डिझेल हॉर्लिक्सच्या रिकाम्या बाटलीत जातं. पाणी जड, ते तळाशी बसतं, वर डिझेल. ही बाटली मग पॅथॉलॉजीच्या नमुन्यासारखी इमारतभर फिरते. ‘बघा, पोटात काय साठलं होतं तिच्या!’ काकूंनी त्यांच्या सगळ्या बरण्यांवर नावं लिहून ठेवली आहेत ती याच भीतीने.

निदान कुठल्याही गाडीचं असो, नानांचा निकाल एकच. जोर लागत नाही? फिल्टर. सकाळी उठत नाही? फिल्टर नाहीतर एअर घेतली असेल. बी विंगमधल्या पोराची विजेवरची स्कूटर बंद पडली, तेव्हाही नानांनी ती वाकून सगळीकडून पाहिली आणि विचारलं, ‘फिल्टर कुठेय हिचा?’ नाही म्हटल्यावर त्यांना त्या पोराच्या भवितव्याची काळजी वाटली.

फिल्टर आणायला नाना ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात जातात. जीपने नव्हे, लोकलने. वसईहून चर्चगेट गाडी, चर्नी रोडला उतरायचं. ‘घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी कशाला घालू?’ असा त्यांचा सवाल. डोंगर चढायला बनलेल्या वाहनाचा सुटा भाग लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धे टेकलेल्या नानांच्या मांडीवरून घरी येतो. येताना नाना एकाच दुकानातून दोन घेतात, कारण डुप्लिकेट मालाचा भरवसा नाही. दुसराही डुप्लिकेट असेल हे त्यांना सांगायची हिंमत कोणी करत नाही.

पण जुलै २०१८ आठवा. वसई-नालासोपारा पाण्यात, लोकल बंद, वीज गेलेली. पार्किंगमधल्या चकचकीत गाड्या सीटपर्यंत भिजून गप्प उभ्या. त्या दिवसांत ज्या ज्या सोसायटीत नाना होते, तिथे दूध आलं. नानांनी तो दांडा एकदाचा टाकला आणि जीप पाणी कापत बाहेर पडली. डिझेल इंजिनाला ठिणगीचे प्लग नसतात, त्यामुळे ते भिजून बंद पडायचा प्रश्न नाही. हवा ओढायचं तोंड पाण्याच्या वर असलं की झालं. पिशव्या वाटताना नाना एकदाही ‘बघा, मी म्हणत होतो’ असं म्हणाले नाहीत. ते पाणी ओसरल्यावर म्हणाले, आणि अजून म्हणतात. दुसऱ्या दिवशी, अर्थात, फिल्टर बदलला.

तुमच्या इमारतीत असे नाना असतील, तर हसायला हरकत नाही. पण पावसाआधी त्यांचा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा आणि सोसायटीच्या सभेत त्यांच्या पार्किंगवर डोळा ठेवू नका. फक्त एक पथ्य पाळा: ‘नाना, फिल्टर इतक्यात कशाला बदलायचा?’ हा प्रश्न जेवणाआधी विचारू नका. जेवण राहील.