एका डॉलरच्या घराविषयी अनावृत पत्र

सचिवमहोदय, गृहनिर्माण व नागरी विकास खाते, वॉशिंग्टन, यांचे सेवेशी,



मुंबईत भाड्याच्या दोन खोल्यांत ज्याची हयात गेली, आणि सरकारी घरांच्या सोडतीचा अर्ज भरणे हा ज्याच्या घराण्यात आता कुलाचारच होऊन बसला आहे, अशा एका सामान्य इसमाने आपणांसारख्या मंत्रिपदस्थांस पत्र लिहावे हे औद्धत्य खरे. परंतु आपल्या खात्याच्या औदार्याची जी हकीकत कानी आली तिने मन इतके भरून आले की, अभिनंदनाचे चार शब्द आपल्या दफ्तरी दाखल केल्यावाचून स्वस्थ बसवेना. कर्जाचे हप्ते थकल्यामुळे सरकारच्या पदरी आलेले घर सहा महिने बाजारात मांडूनही खपले नाही, आणि त्याची किंमत पंचवीस हजार डॉलरांच्या वर नसली, तर ते आपण तिथल्या नगरपालिकेला किंवा परगण्याच्या कारभाऱ्यांना अवघ्या एका डॉलरात देऊन टाकता. हेतू हा की त्यांनी ते नीटनेटके करून बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाच्या स्वाधीन करावे, आणि त्यात चार पैसे सुटलेच तर तेही तिथल्याच वस्तीच्या सुधारणेस लावावेत. एक डॉलर! तेवढ्या रुपयांत दादरला एक मिसळ येते, आणि वर चहा घ्यायचा झाला तर पदरचे घालावे लागतात.

हे घर सरकारच्या पदरी येते कसे, हे या पत्राच्या मराठी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. महामंदीच्या काळात, १९३४ साली, स्थापन झालेली आपली गृहकर्ज-विमा संस्था स्वतः कोणाला कर्ज देत नाही. ती कर्ज देणाऱ्या पेढीला हमी देते, आणि त्या हमीचा विमाहप्ता कर्जदाराकडून वसूल करते. कर्जदार बुडाला की पेढी गहाणखतावर जप्ती आणते, आपले पैसे हमीच्या निधीतून उचलते आणि घर आपल्या खात्याच्या माथी मारून मोकळी होते. कुटुंब तोवर निघून गेलेले असते. दाराच्या मुठीला आकडे जुळवून उघडणारी किल्लीची पेटी लटकते. खिडकीच्या काचेवर ‘ही मालमत्ता सरकारी आहे’ अशा आशयाचा कागद आतून डकवलेला असतो. थंडीत पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून नळांतले पाणी काढून टाकतात आणि तसे सांगणारी चिठ्ठी संडासाच्या भांड्यावर चिकटवतात. मग एके रात्री कोणी मागच्या दाराने आत शिरतो आणि भिंती फोडून तांब्याच्या नळ्या काढून नेतो, कारण त्या घराला गिऱ्हाईक नसले तरी तांब्याला भंगारवाल्याकडे रोख भाव असतो. पाण्याचे नळ गेले, पुढे छपराची एक फळी गेली, फळीमागून पाऊस आत आला, की सहा महिन्यांपूर्वी राहण्यालायक असलेली वास्तू पाडण्यालायक होण्यास फारसा विलंब लागत नाही.

नेमक्या या अवस्थेला ती पोचली म्हणजे आपणांस लोककल्याणाची आठवण होते, या समयसूचकतेला माझा मानाचा मुजरा! तोपर्यंत ते घर स्वतः राहू इच्छिणाऱ्यांना दाखवून झालेले असते, त्यांनी नाकारल्यावर भाड्याने देऊन पैसा करणाऱ्यांना दाखवून झालेले असते, आणि निवडक वस्त्यांत तर शिक्षक, पोलीस व अग्निशामक दलाचे लोक यांना, तीन वर्षे तिथेच राहण्याच्या अटीवर, निम्म्या किमतीतही देऊ करून झालेले असते. सगळ्यांनी नाक मुरडल्यावर उरते ते गोरगरिबांचे. आमच्याकडे फार पूर्वी वाजश्रवसाने सर्वस्वदानाच्या यज्ञात ज्या गाई दिल्या, त्या दूध आटलेल्या आणि वेताच्या पलीकडे गेलेल्या होत्या, आणि त्या पाहून त्याच्या कोवळ्या पोराच्या, नचिकेताच्या, मनात जी शंका आली तिच्यातून एक अख्खे उपनिषद उभे राहिले. आपल्या यज्ञात नचिकेताची भूमिका क्लीव्हलंडच्या किंवा डेट्रॉइटच्या महापौराकडे येते. फरक इतकाच की त्याला प्रश्न विचारण्याची मुभा नाही, कारण विक्रीच्या कागदावर घर ‘आहे त्या स्थितीत’ असे आधीच लिहिलेले असते.

आपले कारकून यावर काय उत्तर देतील ते मी जाणून आहे. हमीचा हा निधी कर्जदारांच्या विमाहप्त्यांतून उभा राहिला आहे. तो सचिवांच्या वाडवडिलांची मिळकत नव्हे. म्हणून प्रत्येक घराचा जास्तीत जास्त दाम मिळविण्याचा प्रयत्न करणे हे खात्याचे कर्तव्य आहे. युक्तिवाद बिनतोड आहे, आणि हिशेबाच्या वहीचे फक्त जमेचे पान उघडे ठेवले तर तो तसाच राहतो. खर्चाच्या पानावर मात्र या सहा महिन्यांत स्थानिक कर चढतो, गवत कापणाऱ्याची मजुरी चढते, खिडक्यांना फळ्या ठोकणाऱ्याचे बिल चढते, आणि ही सारी व्यवस्था पाहणाऱ्या खाजगी ठेकेदाराचे शुल्कही चढते. जो निधी वाचविण्यासाठी थांबायचे, त्याच निधीतून थांबण्याचा खर्च भागवायचा, आणि शेवटी एक डॉलर जमा करून पावती फाडायची, हा हिशेब आमच्या गावच्या तलाठ्याला मांडता आला नसता.

आता जरा मागे जाऊ, कारण ही घरे आकाशातून पडलेली नाहीत. आपल्या ज्या संस्थेने १९३४ पासून लक्षावधी गोऱ्या कुटुंबांना उपनगरांत स्वतःच्या छपराखाली नेऊन बसविले, तिनेच आपल्या नियमपुस्तकात मिश्र वस्ती ही जोखीम ठरविली आणि कृष्णवर्णीयांच्या मोहल्ल्यांना हमी नाकारली. त्याच दशकात दुसऱ्या एका सरकारी कर्जसंस्थेने शहरांचे नकाशे रंगवून अशा वस्त्यांना लाल रंग दिला. पस्तीस वर्षे तिथे कर्ज पोचले नाही, आणि कर्ज नाही तिथे दुरुस्ती नाही. पुढे शहरे पेटली, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, आणि १९६८ च्या कायद्यांनी वारे एकदम फिरले. आता हमी इतक्या सढळ हाताने मिळू लागली की, दलालाने पडके घर कवडीमोलाने घ्यावे, त्यावर रंगाचा एक हात फिरवावा, मूल्यमापकाचे हात ओले करून किंमत फुगवावी, आणि घरभाड्याला कावलेल्या एखाद्या लेकुरवाळ्या बाईच्या गळ्यात ते बांधावे. पहिल्याच हिवाळ्यात भट्टी बंद पडली की तिने भट्टी दुरुस्त करावी की हप्ता भरावा, याची पेढीला काळजी नव्हती, कारण हप्ता थकला तरी तिचे पैसे सरकारकडून खणखणीत मिळणार होते. दलाल, मूल्यमापक आणि आपले काही अंमलदार यांच्यावर खटले झाले, शिक्षा झाल्या. पण १९७० च्या दशकाच्या प्रारंभी एकट्या डेट्रॉइटमध्ये हजारो ओसाड घरे आपल्या खात्याच्या नावावर जमा झाली ती झालीच. आधी कर्ज नाकारून जी वस्ती खिळखिळी केली, मग डोळे झाकून कर्ज देऊन जी रिकामी केली, तीच आता एका डॉलरात परत करायची, याला दातृत्व म्हणण्याइतकी माझी जीभ अद्याप वळत नाही. आणि खात्याला हे ठाऊक नव्हते असेही नाही. आपल्या खात्याचे पहिले सचिव रॉबर्ट वीव्हर हे अमेरिकेच्या मंत्रिमंडळात बसलेले पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ, आणि या सक्तीच्या वेगळ्या वस्त्यांवर १९४८ सालीच ग्रंथ लिहून बसलेले विद्वान. वॉशिंग्टनमधल्या मुख्यालयाच्या इमारतीला पुढे त्यांचेच नाव दिले गेले. त्या इमारतीला आपल्याच एका पूर्वाधिकाऱ्याने, जॅक केंप यांनी, दहा मजली तळघर म्हटले होते. वास्तुशास्त्रावर माझा अधिकार नसल्यामुळे मी त्या वादात पडत नाही.

डॉलरची ही कल्पनादेखील आपल्या खात्याची स्वतःची नव्हे. १९७३ साली डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टनने आणि त्याच सुमारास बाल्टिमोरने गावातली बेवारस घरे नागरिकांना डॉलर-डॉलरला देण्यास सुरुवात केली, आणि १९७४ च्या कायद्याने केंद्र सरकारनेही आपली पडून असलेली घरे याच कामासाठी शहरांकडे सोपविण्याचा मार्ग उघडला. बाल्टिमोरच्या ऑटरबाइन मोहल्ल्यात शंभराहून अधिक जुनी विटांची घरे सोडत काढून वाटली गेली. सोडत हा शब्द ऐकताच माझ्यासारख्याचे कान टवकारतात! तिथे तो प्रयोग यशस्वी झाला, यात संशय नाही. आज त्या गल्ल्यांत घर घ्यायचे तर लाखो डॉलर मोजावे लागतात. परंतु यश डॉलरचे नव्हते. महापौर विल्यम डोनाल्ड शेफर यांच्या कारभाराने घराबरोबर अल्प व्याजाचे दुरुस्तीकर्ज जोडले, ठराविक मुदतीत घर कायद्याच्या कसोटीला उतरविण्याची आणि तिथे राहण्याची अट घातली, आणि शेजारपाजारची सारी घरे एकदमच हाती घेतली, त्यामुळे डागडुजी करणाऱ्याला आपले पैसे गटारात जात नाहीत हा भरवसा आला. तरीही ज्याच्याजवळ कर्ज फेडण्याची ऐपत होती, सुटीच्या दिवशी करवत धरायला सवड होती, तोच तिथे टिकला. ज्याच्या नावाने योजना आखली त्या गरिबाच्या वाट्याला त्यातले थोडेच आले. एवढे कर्ज आणि एवढी देखरेख असूनही ही गत, मग नुसत्या डॉलरच्या पावतीने काय साधणार?

कारण नगरपालिकेचा अभियंता कुलपाच्या पेटीतून किल्ली काढून आत शिरतो तेव्हा त्याला छप्पर दिसते, भट्टी नसलेला खड्डा दिसतो, कापलेल्या विजेच्या तारा दिसतात, आणि घर १९७८ पूर्वीचे असले तर, त्या साली घरगुती वापरातून हद्दपार झालेला शिशाचा रंग खिडक्यांच्या चौकटींवर पापुद्रे धरून बसलेला दिसतो, जो रांगत्या मुलाच्या पोटात गेला तर त्याची बुद्धी खुंटते. हे सारे निस्तरण्याचा अंदाज घराच्या बाजारभावाच्या पुढे जातो. पाडायचे म्हटले तरी हजारो डॉलर लागतात. ज्या गावात अशी घरे आहेत ते गाव लोक सोडून गेल्यामुळे कराचे उत्पन्न हरवून बसलेले असते, म्हणजे ज्याच्यापाशी दुरुस्तीचा पैसा नाही नेमके त्यालाच हे बक्षीस मिळते. फुकट म्हणून घ्यावे तर बोजा, न घ्यावे तर गावाच्या मधोमध एक पडके घर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना किंमत घसरलेली शेजाऱ्यांची घरे.

आम्ही आपणांस हसतो असा गैरसमज कृपया नसावा. हसण्याचा अधिकार आम्ही कधीच गमावला आहे. नेहरूंच्या नावाने २००५ साली सुरू झालेल्या नागरी अभियानात बांधलेली सुमारे एक लाख आठ हजार घरे रिकामी पडून असल्याचे २०२० साली आमच्या केंद्र सरकारलाच सांगावे लागले, आणि करोनात पायी गावी गेलेल्या मजुरांची आठवण ठेवून ती भाड्याने देण्याची योजना काढावी लागली. आमच्या म्हाडाची विरार-बोळींजची हजारो घरे सोडतीत खपेनात, तेव्हा ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ अशी दवंडी पिटावी लागली. लोक का येत नाहीत याचे उत्तर तिथल्या कोणत्याही गृहिणीने कोरडा नळ सोडून दाखविले असते. मुंबईत घरासाठी लाखोंनी अर्ज करणारी माणसे आणि विरारला रिकामी घरे, हे दोन्ही एकाच प्राधिकरणाच्या दफ्तरात सुखाने नांदत होते. पण ती घरे वसई-विरार महापालिकेला नाममात्र किमतीत देऊन सफाई कामगारांना भाड्याने द्यावीत, असे कोणी सुचविले असते तर आमचे लेखाधिकारी आपल्या लेखाधिकाऱ्यांसारखेच दचकले असते.

म्हणून माझी नम्र दरखास्त अशी की, घर ज्या दिवशी सरकारजमा होते त्याच दिवशी ते प्रथम नगरपालिकेला दाखवावे, बाजाराला नंतर. तिने ते घेतले तर पुढच्या सहा महिन्यांत आपण कर, गवत, फळ्या आणि ठेकेदार यांवर जो खर्च करणारच होता, तो रोखीने तिच्या हवाली करावा, म्हणजे निदान छपराची सोय होईल. आणि घर कोणाला, किती भाड्याने, किती वर्षे द्यावयाचे याचा लेखी करार आधी करून मगच सनद द्यावी. एक डॉलर घ्यायचा की नाही हे आपल्या खुशीवर सोडतो. यातले बाकीचे काहीच होण्यासारखे नसेल, तर सहा महिन्यांची मुदत तीस दिवसांवर आणण्याचा हुकूम तेवढा काढावा. त्याला एक सही पुरेल.



आपला नम्र,
सोडतीतील एक कायमचा अर्जदार