अतिहलके जेट आणि उसाची टायरगाडी

उड्डाणाच्या वेळी इंधन, उतारू आणि सामान धरून ज्याचे वजन साधारण साडेचार टनांच्या आत राहते आणि जे एकटा वैमानिक चालवू शकतो, अशा छोट्या जेट विमानाला हवाई व्यवसायात 'अतिहलके' म्हणतात. २०१६ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झालेले सिरस कंपनीचे 'व्हिजन जेट' तर पावणेतीन टनांतच भागवते. अंथुर्ण्याच्या शिवारातून भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे निघालेली उसाची टायरगाडी जवळपास तेवढेच वजन ओढते आणि तिलाही गाडीवान एकच असतो, त्यामुळे व्याख्या काटेकोरपणे लावली तर गळीत हंगामात इंदापूर तालुक्यात अतिहलक्या वाहनांची रांगच लागते. फरक एवढाच, की संकटकाळी अख्खे विमान अलगद खाली आणणारी हवाई छत्री सिरसने बसवली आहे, तर टायरगाडीचे जू मोडले की शाळेतून सुटलेली पोरे मागून ऊस उपसतात.

आकाश या भागाला परके नाही. शेजारचे वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी काढली आणि वालचंदनगरच्या कारखान्यात आज इस्रोच्या अग्निबाणांचे भाग घडतात. अग्निबाण अवकाशात पोहोचतो आणि माणसे मात्र जंक्शनला, म्हणजे रेल्वेचा रूळ नसलेल्या त्या फाट्यावर, एसटीची वाट पाहतात.

त्यांच्यासारख्यांसाठीच, निदान जाहिरातीपुरते, अमेरिकेत 'एक्लिप्स ५००' हे अतिहलके जेट अवतरले होते. छोट्या गावांच्या धावपट्ट्यांवरून ते टॅक्सीसारखे फिरेल, असे भाकीत होते. विमान २००६ मध्ये प्रमाणित झाले, किंमत मूळ घोषणेच्या दुपटीवर गेली, ते वापरणारी 'डेजेट' ही हवाई टॅक्सी कंपनी २००८ च्या सप्टेंबरात बंद पडली आणि नोव्हेंबरात खुद्द एक्लिप्स कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तरीही प्रत्येक नवे अतिहलके जेट बाजारात येताना 'क्रांती' हा शब्द बरोबर आणतेच. त्याचे वजन बहुधा धरत नसावेत.

जेट-खरेदीच्या व्यवहाराची रीत ऊस उत्पादकाला उलटी वाटेल, कारण तो आधी माल घालून पैशाची वाट पाहतो, तर जेटचा ग्राहक आधी अनामत भरून मालाची वाट पाहतो, आणि एक्लिप्सच्या अनेक ग्राहकांची अनामत अशीच बुडाली. उसाच्या बिलाला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने निदान १४ दिवसांची मुदत तरी घातलेली आहे.