लंडनवाले आबा

पोरगा शिकायला लीड्सला आहे, पण गावात ‘लंडनवाले’ म्हणतात ते बापाला. लीड्स लंडनपासून तीनेकशे किलोमीटर लांब आहे, हे आबांना पक्कं ठाऊक आहे. पण गावाचा हिरमोड कशाला करा! असे आबा संगमनेर, राहाता, राहुरी, कुठल्याही तालुक्यात भेटतात. पांढरी टोपी, बंडीच्या खिशात दोन मोबाईल आणि तोंडी तिकडचं हवामान. इकडं विहिरीनं तळ गाठलाय, अन् आबांना काळजी की लीड्सला सकाळपासून रिपरिप लागलीय.

पूर्वी शिक्षण तिकडून इकडं यायचं. 1831 साली अमेरिकन मिशनरी नगरला आले आणि त्यांनी इथं शाळा काढल्या. आबा म्हणतात, "ते त्यांच्या पैशानं आले होते. आमचा आमच्याच पैशानं गेला."

खरी परीक्षा आबांचीच झाली. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत आठ एकर बागायतीचा सातबारा टाकला, तर साहेब म्हणाले, शेतजमीन तारण चालत नाही, एन. ए. प्लॉट आणा. मग मेव्हण्याचा नगरच्या सावेडीतला दोन गुंठ्यांचा प्लॉट कामाला आला. तेव्हापासून मेव्हणा दारात दिसला की घरात मटण शिजतं. त्यात ब्रिटिश व्हिसाचा नियम असा, की कर्जाबाहेरच्या खर्चाची रक्कम खात्यात सलग 28 दिवस दिसली पाहिजे. उसाचं पेमेंट जमा झालं की त्याच दिवशी सोसायटी, खतवाला आणि ट्रॅक्टरचा हप्ता भागवून मोकळा होणारा हा माणूस. त्याच्या खात्यात पैसा पहिल्यांदाच मुक्कामाला राहिला. आबा रोज बँकेत जाऊन पासबुक छापून आणायचे. शेवटी शिपाईच म्हणाला, "आबा, आहेत हो तेवढेच."

निरोपाला दोन क्रूझर भरून मंडळी मुंबईला गेली. काकडीला 2017 पासून शिर्डीचं विमानतळ आहे, मग लंडनचं विमान तिथनं का उडत नाही, हे आबा आमदारांना विचारणार आहेत. स्टँडवर फ्लेक्सही लागला होता. त्यावर नेते सात, आणि ज्याचं अभिनंदन तो पोरगा खाली कोपऱ्यात.

आता पोराचे अनुभव पारावर आबा सांगतात. घरी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात लागणारा पोरगा तिकडं पाच जणांची भांडी घासतो, त्याला आबा ‘स्वावलंबन’ म्हणतात. सुपरमार्केटात रात्री माल लावतो, ते ‘मॅनेजमेंट’. कॉलेज चालू असताना आठवड्याला 20 तासांवर काम करता येत नाही, हे फोनवर ऐकून मात्र आबा खवळले. "एवढं तर तुझी आई दीड दिवसात उरकते!" आई आतून म्हणाली, "आज कळलं का?" आबांनी फोन ठेवून दिला.

पहिला निकाल आला, 71. बारावीला 92 टक्के पाडलेला पोरगा! आबांना दोन दिवस घास गोड लागला नाही. मग कळलं, तिकडं सत्तरलाच डिस्टिंक्शन देतात. लगेच पेढे आले. वाटताना आबा डिस्टिंक्शन सांगतात, आकडा गाळतात.

तुमच्या घरातलं कुणी जाणार असेल तर आबांना जरूर भेटा. सगळी माहिती फुकट देतात, वर चहा. फक्त दुपारी बाराच्या आत जा. त्यानंतर तिकडं पोरगा उठतो.