वसुलीचा तास

पोरांना उद्योजक करायचं असेल तर आधी त्यांना शिंकायला शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. फेब्रुवारीत नागपुरात कळमन्याच्या मिरची बाजारात ज्याला दहा मिनिटं उभं राहता आलं, तो पुढे बँकेच्या मॅनेजरसमोरही उभा राहतो. गुंटूरकडून आलेले ट्रक, भिवापूरकडची पोती, पोत्यांवर चढलेले हमाल, आणि खाली बारावी कॉमर्सची माझी पोट्टी, नाकाला रुमाल लावून रडवेली. "सर, याच्यात प्रॅक्टिकल काय हाय?" एकीनं विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि सलग शिंकत सुटलो. बाजूचा हमाल म्हणाला, "मास्तर, सवय नाई वाटते." पोरांनी ते वहीत लिहून घेतलं.

ही वरात कळमन्यात पोचली त्याला कारण आमच्या कॉलेजातली कार्यशाळा. हल्ली कॉलेज म्हटलं की उद्योजकतेची कार्यशाळा होतेच. पूर्वी वृक्षारोपण व्हायचं. बाहेरगावाहून एक वक्ते आले होते. कोट, कॉलरला माईक, हातात स्लाइड पुढे ढकलायचं यंत्र. "नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा!" ते गरजले. मागच्या बाकावरून आवाज आला, "सगळेच देणारे झाले तं घेईन कोण जी?" वक्ते हसले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. तिथे अमेरिकेतली कुठलीशी कंपनी गॅरेजमध्ये सुरू झाल्याची गोष्ट होती. आमची पोरं पारडी-भरतवाड्याकडची. त्यांच्या घरी गाडी असलीच तर नालीवर टाकलेल्या फरशीवर उभी असते. तिथे कंपनी काढायची तर आधी नगरसेवकाला विचारावं लागतं. शेवटी वक्त्यांनी प्रत्येकाला कागदावर पाच वर्षांनंतरचं स्वप्न लिहायला लावलं. बहुतेकांनी 'करोडपती' लिहिलं. एकानं 'जेवणाची सुट्टी' लिहिलं. मला विचाराल तर हेतू स्पष्ट आणि मुदतीचं भान असलेला तेवढाच एक कागद होता.

तशी मराठी माणसाला धंदा शिकवायची हौस जुनीच आहे. आपल्या नागपुरातूनच, धरमपेठेतून, 'उद्यम' नावाचं मासिक निघायचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट तर आम्ही दर वर्षी सांगतो. मुंबईतली मास्तरकी सोडली, बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं, लोखंडी नांगर केला, १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. मास्तरकी सोडल्यावर माणसाचं भलं होतं, हा तात्पर्याचा भाग आम्ही मास्तर लोक घाईत उरकतो. लोखंडानं जमीन नासते या भीतीनं शेतकरी नांगराला हात लावेनात, तरी लक्ष्मणरावांनी तो खपवून दाखवला, इथे टाळ्या पडतात आणि गोष्ट संपते. पण खपलेल्या नांगराचे पैसे कसे आले? कोणी रोख दिले? कोणी "सुगीनंतर पाहू" म्हटलं? हे कुठला वक्ता सांगत नाही.

सरकारही कर्ज द्यायला तयार आहे. २०१५ साली मुद्रा योजना आली, तिनं कर्जाला वयाची नावं दिली. पन्नास हजारांपर्यंत शिशु, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण. आणि ज्यानं तरुणाचं कर्ज नीट फेडलं त्याला आता वीस लाखांपर्यंत तरुण प्लस. 'प्रौढ' असा गट ठेवलेला नाही. फेडता फेडता माणूस आपोआप होतो.

पण अडकलेले पैसे परत कसे आणायचे, हे कोणी शिकवत नाही. म्हणून मी पोरांना कळमन्यात नेलं. बाजार समितीचं हे पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड आमच्या कॉलेजपासून ऑटोच्या अंतरावर आहे. धान्य, मिरची, आलू-कांदे, फळं, सगळं इथंच. मिरचीकडून पळत आम्ही फळबाजारात आलो तेव्हा मृग बहाराच्या संत्र्यांचे लिलाव चालले होते. जमिनीवर ढीग, भोवती खरेदीदारांचं कडं. अडत्याचा माणूस टनाचा भाव पुकारत होता. एका खरेदीदारानं संत्रं उचललं, सालीवर अंगठा दाबला, सोललं, एक फोड तोंडात टाकली, बी थुंकली आणि बोट वर केलं. दुसऱ्यानं भुवई उडवली. झालं, ढीग विकला गेला, कडं पुढच्या ढिगावर सरकलं. आमच्या एकाला नाकावरची माशी हाकलायची होती, पण भीतीनं त्यानं हात हलवला नाही.

मग आम्ही एका ओळखीच्या अडत्यांच्या गाळ्यावर गेलो. त्यांनी पोरांना चहा दिला, मला खुर्ची दिली. एका पोरानं सरळ विचारलं, "शेठ, बाग तुमची नाई, संत्रं तुमचं नाई, घेणारे पण तुम्ही नाई. मंग तुमचं काम काय?"

शेठजी रागावले नाहीत. म्हणाले, "माहं काम वाट पाह्याचं."

आणि मग त्यांनी पुस्तकात नसलेलं अर्थशास्त्र सांगितलं. शेतकऱ्याला विकलेल्या मालाचे पैसे लगेच चुकते करायचे, असा नियम. काटोल-नरखेडचा माणूस गाडी रिकामी करून पैसे घेऊन घरी जाणार. पण माल उचलणारा बाहेरगावचा व्यापारी? तो माल नेणार, विकणार, त्याच्या गिऱ्हाइकाकडून पैसे आले की आठ-पंधरा दिवसांनी पाठवणार. मधल्या दिवसांत पैसा कोणाचा? शेठजींचा. अडत म्हणजे त्या वाट पाहण्याची मजुरी. पूर्वी ही अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायचे. २०१६ साली राज्य सरकारनं फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असं ठरवलं. "तेव्हा लय गोंधळ झाला बाप्पा," शेठजी म्हणाले. "पण वाट तं तेव्हाही मलेच पाह्याची होती."

गाळ्याच्या कोपऱ्यात त्यांचा भाचा बसला होता. अठरा-एकोणीस वर्षांचा, समोर लाल वही, कानाला मोबाइल. त्या पोरानं जे केलं ते मी पोरांना कान देऊन ऐकायला लावलं.

"राम राम काका. थंडी कमी झाली का तिकडं? नाई, काम काई नाई, सहजच लावला. काकूची शुगर कशी हाय? हो का? मेथी खायला सांगा. बरं काका, उद्या वरुडचा माल येऊन रायला, मोठा दाना हाय, तुमच्यासाठी राखून ठेवू म्हणलं. हो, ठेवतो नं! फक्त मागचं तेवढं क्लिअर झालं का मामा राखू देतेत मले."

फोन ठेवला आणि वहीत पेन्सिलीनं एक टिंब काढलं. सगळ्या बोलण्यात 'पैसे' हा शब्द नव्हता, 'उधारी' नव्हता, आवाजही चढला नव्हता. तरी पलीकडचे काका घाम पुसत असतील, याबद्दल मला शंका नाही. कार्यशाळेतल्या वक्त्यांनी दिवसभरात एवढं शिकवलं असतं तर मी त्यांच्या कोटाबद्दल काही बोललो नसतो.

हीच विद्या आम्हा पगारदार मंडळींत नाही. शेजाऱ्याकडे गेलेला पाना परत मागायला आम्ही सणवार बघतो. उसने दिलेले पैसे मागताना आम्हीच ओशाळतो, आणि घेणारा ऐटीत म्हणतो, "अरे, देतो ना! पळून चाललो का?" बरं, ही अडचण फक्त पापभीरू लोकांची असेल तर तसंही नाही. देशालाच त्यासाठी कायदा करावा लागला. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात लिहिलंय की लहान उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. तरी मोठे लोक लहानांना झुलवत राहिले. शेवटी २०२३च्या अर्थसंकल्पात प्राप्तिकरातच मेख मारली: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत हिशेबात धरायचाच नाही. म्हणजे दिल्लीनंही अखेर भाच्याचीच पद्धत धरली. ओरडायचं नाही, पुढचा माल अडकवायचा.

कॉलेजात परतल्यावर मी घरचा अभ्यास दिला. व्यवसाय आराखडा नको, स्वप्नाचा कागद नको. प्रत्येकानं कुठेतरी अडकलेले पैसे वसूल करून आणायचे, भांडण न करता.

निकाल शिक्षण मंडळाच्या कुठल्याही निकालापेक्षा वाईट लागला. एकजण मित्राकडे दोनशे रुपये मागायला गेला आणि त्याला तर्री पोहे खाऊ घालून, वर आणखी शंभर देऊन आला. "सर, त्याची लय अडचण हाय." दुसऱ्यानं देणेकऱ्याला रोज सकाळी सुविचाराचं चित्र पाठवलं, समोरच्यानं रोज अंगठा पाठवला. 'करोडपती' लिहिणाऱ्यांपैकी एकालाही पैसे मिळाले नव्हते. 'जेवणाची सुट्टी'वाल्यानं धाकट्या बहिणीकडून वीस रुपये वसूल केले, पण ते मुळात तिचेच होते असं नंतर कळलं.

एकच मुलगी पूर्ण रक्कम घेऊन आली. तीच, प्रॅक्टिकल कुठं आहे विचारणारी. तिची आई पारडीच्या रस्त्यावर भाजी घेऊन बसते आणि एका खानावळीकडे तिचे बाराशे रुपये थकले होते.

"काय केलंस?"

"काई नाई सर. दुपारी एक वाजता गेली, समदे जेवून रायले होते तेव्हा. म्हणलं, मालक, वांग्याचा हिशोब आत्ता करता का हे लोक उठल्यावर?"

"मग?"

"मालक म्हणे, हळू बोल नं बाई. मी म्हणलं, हळूच तं बोलून रायली."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. ती मात्र माझ्याकडेच बघत होती. "सर, तुमचे कुठं अडकले हायेत का?"

मी सांगणार नव्हतो. पण त्या कार्यशाळेच्या आधी मी घेतलेल्या जादा तासांचं मानधन कॉलेजकडूनच यायचं होतं, आणि मी कार्यालयाच्या खिडकीवरून जाता-येता नुसता नमस्कार करत होतो. तिनं वही उघडली.

"अडत किती घेशील?" मी विचारलं.

"तुमच्याकडून कायले घेऊ जी?" ती म्हणाली. "अडत समोरच्याकडून. २०१६ पासून." आणि पेन्सिलीला टोक करत तिनं पुढचा प्रश्न टाकला, "प्राचार्य सर जेवतेत किती वाजता?"